मुंबई ते लेह कॅम्परने: ट्रॅव्हलरची बांधणी तपासून हवी आहे

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

गाडी फोर्स ट्रॅव्हलर (मिनीबस), व्हीलबेस ३३५० मिमी, डिझेल, बीएस-६, नोंदणी खासगी. माणसं चार: दोन मोठी, दोन शाळकरी मुलं. गणपती विसर्जन झालं की निघायचं. वडोदरा, उदयपूर, जयपूर, अंबाला, मनाली, लेह असं जायचं आणि कारगिल-श्रीनगरवरून उतरायचं. बांधणी नवी मुंबईत एका शेडमध्ये सुरू होतेय. ठरलेलं सामान असं: १२ व्होल्ट २०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, छतावर १०० वॉटची चार पॅनेल सिरीजमध्ये, १०० व्होल्टपर्यंत झेपणारा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीजोगी करून देणारा), स्वयंपाकाला इंडक्शन, भिंतींत ग्लासवूल, फर्निचर १८ मिमी प्लायचं, १०० लिटरची पाण्याची टाकी चासीखाली, २ किलोवॅटचा डिझेल हीटर आणि त्याची वेगळी १० लिटरची टाकी. अजून एकही भोक पाडलेलं नाही. काय चुकतंय ते आत्ताच सांगा.

लोहारचाळ_वायरमन

पॅनेलपासून सुरू करतो, कारण तिथे कंट्रोलर जळणार आहे. १०० वॉटच्या पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही न जोडता मिळणारं) साधारण २२.५ असतं. चार सिरीजमध्ये म्हणजे ९० व्होल्ट. मुंबईत हे १०० च्या आत बसतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण हा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. पॅनेल थंड झालं की दर अंशाला व्होल्टेज सुमारे ०.३ टक्के चढतं. ऑक्टोबरच्या पहाटे उणे १५ च्या आसपास गारठलेल्या पॅनेलवर पहिलं ऊन पडलं की ४० अंशांच्या फरकाने १२ टक्के वाढ, म्हणजे १०१ व्होल्ट. कंट्रोलर त्याच सकाळी गेला. दोन-दोनच्या जोड्या सिरीजमध्ये करून त्या पॅरलल जोडा: ४५ व्होल्ट, सुरक्षित. पॅनेल आणि पत्रा यांच्यात किमान २५ मिमी मोकळी जागा ठेवा, मैदानातल्या उन्हात पॅनेल तापलं की उत्पादन पडतं.

बॅटरी: २०० गुणिले १२.८ म्हणजे २,५६० वॉट-अवर, वापरायला २,००० धरा. लडाखमधला रोजचा खर्च मांडू. कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्ट फ्रिज ३०० (मुंबईच्या उकाड्यात हाच ५०० खातो), दिवे ९०, हीटरचा पंखा आठ तासांना २००, हीटरचा ग्लो प्लग दोनदा पेटवायला २०, मोबाइल-लॅपटॉप १५०, पाण्याचा पंप नगण्य. म्हणजे ७५० ते ८००. अडीच दिवस ऊन नसलं तरी निभावेल. ४०० वॉटची आडवी पॅनेल स्वच्छ उन्हात पाच तासांचे १,४०० देतील, अरुंद दरीत मुक्काम असला तर निम्मे.

यात इंडक्शन घातलंत की सगळं कोसळतं. साधं १,००० वॉटवर चालवलं तरी इन्व्हर्टरचं नुकसान धरून १२ व्होल्टच्या बाजूने ८७ अँपिअर. दोन वेळचा स्वयंपाक म्हणजे रोज हजारभर वॉट-अवर. गॅस घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. आत लिथियमचा धातू प्लेटवर बसतो आणि ती हानी भरून येत नाही. डिस्चार्ज चालतो, चार्ज नाही. बीएमएसला (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) कमी तापमानाचा चार्जिंग कट-ऑफ आहे का, हे दुकानदाराला तोंडी विचारू नका, डेटाशीटवर पाहा. लॅमिंग्टन रोडला मिळणाऱ्या स्वस्त पॅकमध्ये जास्त तापमानाचा कट-ऑफ असतो आणि कमीचा नसतो, कारण इथे त्याची गरजच पडत नाही. आणि बॅटरी केबिनच्या आत बसवा.

चाललेल्या गाडीतून चार्जिंग हवं असेल तर दोन बॅटऱ्या थेट जोडणारा आयसोलेटर रिले नको, करंटला मर्यादा घालणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. लिथियम बॅटरी अल्टरनेटरमधून झेपेल त्याहून जास्त करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. शिवाय बीएस-६ गाड्यांचे स्मार्ट अल्टरनेटर मधेच व्होल्टेज पाडतात. ३० अँपिअर बाहेर यायला आत ३६ च्या आसपास लागतात. गाडीच्या पुढच्या बॅटरीपासून चार्जरपर्यंत ६ मीटर धरले तर १० चौ.मिमी वायरीत पाऊण व्होल्ट पडतो, १६ मध्ये साधारण ०.४७, २५ मध्ये ०.३०. २५ ची घ्या, पैसे तिथे वाचवू नका. फ्यूज ५० अँपिअरचा, आणि तो दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकाला. वायर मधे कुठे घासली तर करंट दोन्हीकडून येतो.

मुख्य फ्यूज क्लास-टी. शॉर्ट झाल्यावर लिथियम पॅक हजारो अँपिअर ओततो, साधा फ्यूज वितळूनही आत ठिणगी चालू राहते. घरातली एसी एमसीबी डीसीला लावणारे महाभाग भरपूर आहेत. डीसीची ठिणगी त्यात विझत नाही. लग्ज (वायरीच्या टोकाच्या कड्या) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा, डाग (सोल्डर) देऊ नका. डाग संपतो तिथे वायर कडक होते आणि खडखडाटात तिथेच तुटते.

मीठागर

ग्लासवूल काढून टाका. माणसांच्या श्वासाची, स्वयंपाकाची वाफ पत्र्यावर थंड होऊन पाणी होते, ग्लासवूल ते धरून ठेवतं आणि आतून गंज सुरू होतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर बाहेरूनही दमट हवा. बंद पेशींचा नायट्राइल फोम, १९ मिमी, पत्र्याला पूर्ण चिकटवलेला. रिब्जच्या (पत्र्यामागच्या लोखंडी फासळ्या) आतही पट्ट्या, कारण उघड्या रिबवर दव पडतं ते थेट गादीत उतरतं.

छताचा पंखा ३५६ मिमी चौकोनात बसतो. कापलेल्या कडेला आधी झिंक प्रायमर, मग ब्यूटाइल टेप, वरून पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन नको. तो उघडा पत्रा खातो आणि पुढे त्यावर दुसरं काही चिकटत नाही. पाइपने वीस मिनिटं पाणी मारून आतून कोरडा टिश्यू फिरवा. गळती आत्ता सापडली तर तासाचं काम, फोम आणि पॅनेलिंग झाल्यावर सापडली तर आठवड्याचं.

प्लाय: आठ बाय चारची १८ मिमीची शीट ३५ किलोच्या आसपास भरते, १२ मिमीची २३. दहा शीट लागल्या तर १२० किलोचा फरक, म्हणजे एक भरलेली पाण्याची टाकी. पलंगाची चौकट अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची, बाकी १२ मिमी, कपाटांची दारं ९ मिमी. लाकडी स्क्रूवर काही टांगू नका. बॉडीच्या रिबमध्ये एम-६ रिव्हनट (पत्र्यात रिव्हेटसारखा बसणारा आटेवाला नट), त्यात बोल्ट, आणि आरपार जातील तिथे नायलॉक नट. नागदेवी स्ट्रीटला स्टेनलेसचे एकाच फेरीत मिळतात. बांधणी झाली की पाणी, गॅस, सामान, माणसं सगळं भरून कळंबोलीच्या वजनकाट्यावर गाडी चढवा. आधी पुढची चाकं, मग मागची, मग सगळी. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर हे कॅम्परमध्ये नेहमीचं, कारण टाकी आणि पलंग दोन्ही मागे जातात.

सुकटबोंबील

काटा पुढची गोष्ट. गाडी सोसायटीच्या पोडियममध्ये शिरते का ते आधी बघा. छतावर पॅनेल आणि पंखा चढला की आत गेलेली गाडी बाहेर निघत नाही.

आरटीओचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर लिहिलेल्या गोष्टी बदलल्या तर मंजुरी आणि नोंद लागते. सीट कमी करणं यातच येतं. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. तुमचा बांधणारा त्याबद्दल काही बोलू शकत नसेल तर तो सुतार आहे, बॉडी बिल्डर नाही. आरसीवरची नोंद झाली की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत बदल करून घ्या. चारही माणसांना चालत्या गाडीत बेल्टवाली मूळ सीट हवी. मुलं मागच्या पलंगावर लोळत जाणार हा बेत असेल तर तो इथेच रद्द.

खाडीपलीकडचा

२ x २ पॅनेल, नायट्राइल, १२ मिमी प्लाय, गॅस, सगळं मान्य. सीट मूळच्याच ठेवतोय. हीटरबद्दल सांगा, २ किलोवॅट पुरेल का? ५ चा घेऊ का?

विरळहवा

मोठा घेतला की झालं, असं इथे नाही. समुद्रसपाटीच्या तुलनेत हवेचा दाब लेहला, ३,५०० मीटरवर, ६५ टक्के असतो, मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूच्या मुक्कामाला, ४,२९० मीटरवर, ५८-५९. डिझेल तेवढंच गेलं आणि हवा निम्म्याच्या जवळ आली तर ज्वाला काजळी धरते, बर्नर आणि ग्लो प्लगची जाळी भरते आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री हीटर पेटत नाही. म्हणून उंचीनुसार डिझेल आपोआप कमी करणारा हीटर घ्या. दाबाचा सेन्सर आहे का आणि किती मीटरपर्यंत चालतो, हे दोन प्रश्न. त्यातून येणारी उष्णताही त्याच प्रमाणात घटते: २ किलोवॅटचा सरचूला १.१७ किलोवॅट.

आता गरज किती? बाहेर उणे ५, आत १५, फरक २०. नायट्राइल लावलेल्या भिंती, छत, जमीन मिळून ३० चौ.मीटर, रिब्जमधून जाणारी उष्णता धरून चौ.मीटरला अंशामागे दीड वॉट: ९०० वॉट. काचा ४ चौ.मीटर, एकेरी काच ५.७ वॉट: ४५६. बेरीज १,३५६, म्हणजे हीटर कमी पडतो. त्याच काचांवर रात्री नायट्राइलच्या मापात कापलेल्या गाद्या चुंबकाने बसवल्या तर काचेचे ४५६ जाऊन १६० राहतात, बेरीज १,०६०. जेमतेम बसतं, कारण खेळत्या हवेचं नुकसान अजून धरलेलं नाही. तरीही ५ किलोवॅटचा नको. तो मनालीत आणि लेहमध्ये सतत मंद आचेवर चालेल आणि मंद आचेवरच काजळी जास्त धरते. काचांच्या गाद्या शिवून घ्या, धारावीत रेक्झिनचं काम करणारे मापावर देतात, आणि झोपताना गोधडी आहेच.

बसवताना: एक्झॉस्टचं तोंड गाडीच्या पोटाखाली नाही, कडेच्या बाहेर, खिडकी आणि हवेच्या नळीपासून लांब. पाइपच्या सर्वांत खालच्या बिंदूला ३ मिमीचं भोक, तिथे साचलेलं पाणी गोठून पाइप बंद होतो. डिझेल पंप तिरका, डिझेल बाहेर पडतं ते टोक वर करून, आडवा बसवला तर हवेचे बुडबुडे अडकतात. बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण आचेवर चालवा, आणि चालू हीटरची वीज कधी तोडू नका, पंख्याला आतला कक्ष थंड करायला चार-पाच मिनिटं लागतात. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, उशीच्या उंचीवर. विरळ हवेची डोकेदुखी आणि मोनॉक्साइडची डोकेदुखी सारखीच लागते, माणसाला फरक कळत नाही.

टाकीवाली_ताई

हीटरच्या १० लिटरच्या टाकीत एक सापळा आहे. गाडीचं डिझेल वाटेत पाच-सहा वेळा बदलतं. हीटर मात्र मनालीपर्यंत कोणी लावत नाही, त्यामुळे त्याच्या टाकीत वाशीच्या पंपावरचं डिझेल तसंच असतं. आयएस १४६० मध्ये उन्हाळी डिझेलच्या फिल्टर अडण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा १८ अंश आहे, हिवाळीची ६. प्रत्यक्षातलं डिझेल याहून बरं असतं, पण उणे तापमानात मेण धरलं तर दोन मिमीची नळी पहिली बंद होते. टाकी मुंबईत चाचणीपुरती, लिटरभर भरा आणि ती संपवूनच निघा. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल २०१९ पासून आहे, पण ते हिवाळ्यात. टाकी केबिनच्या आत ठेवू नका, वास झोपू देत नाही.

पाण्याची टाकी चासीखाली नको. ८० लिटरची, मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे, केबिनमध्ये. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, आधी फुटतो तो पंपाचा प्लास्टिकचा माथा आणि मग कोपऱ्यातले एल्बो. सगळ्यात खाली ड्रेन कॉक ठेवा. सांडपाण्याच्या टाकीची नळी एक इंच तरी हवी, अर्ध्या इंचात भाताची शितं अडकतात.

गॅस: घरगुती एलपीजी ब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ ला उकळतो, ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला. बाहेर रात्रभर राहिलेल्या सिलिंडरमधून सकाळी आधी प्रोपेन निघून जातो, मग आच मरते आणि सिलिंडर संपला असं वाटतं. तो संपलेला नसतो. ५ किलोचे दोन घ्या, केबिनपासून सीलबंद कप्प्यात, कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, कारण एलपीजी हवेपेक्षा जड. दीड किलोवॅटचा एक बर्नर तासाला ११५ ग्रॅम खातो, दोन बर्नर दीड तास म्हणजे ३५० ग्रॅम, एक सिलिंडर दोन आठवडे.

४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट बघू नका. कुकरमध्येही १२० ऐवजी ११३ अंश मिळतात, म्हणून डाळ दुपारीच भिजत टाका, आणि शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजा, मुंबईच्या दीडपट. कुकरची जास्तीची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सोबत. पोहे, उपमा, पिठलं यांना काही अडत नाही.

कुर्ला_पाना_१३

गाडीकडे कोणी बघतंय का? तुमचा फ्रिज चालेल आणि ब्रेक लागणार नाहीत.

ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं आणि मुंबईत ते जोरात होतं. डॉट-४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं १५५ ला. लेहच्या अलीकडची टांगलांग ला ही खिंड सुमारे ५,३०० मीटर, तिथून उपशीपर्यंत लांबलचक उतार. त्यात पाय ब्रेकवर ठेवून उतरलं तर पेडल जमिनीला टेकतं. निघण्याआधी चारही चाकांचं ऑइल बदलून एअर काढा, आणि चढायला जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये उतरा.

कूलंट: बऱ्याच गाड्यांत नुसतं नळाचं पाणी असतं. रिकामं करून एथिलीन ग्लायकॉल ५०-५०, ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही. रेडिएटर कॅप नवी लावा; वर पाणी लवकर उकळतं, दाब धरून ठेवणारी ती एकच वस्तू आहे. डीईएफ (एक्झॉस्ट स्वच्छ करणारं यूरियाचं द्रावण) लागणारी गाडी असेल तर तो उणे ११ ला गोठतो, जास्तीचा कॅन केबिनमध्ये. डीपीएफचा (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) दिवा लागला तर रांगत चालवणं थांबवा, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये वीस मिनिटं सलग चालवा.

टायर: मुंबईत ३५ अंशांना ६० पीएसआय भरले असतील तर ४,५०० मीटरवर बाहेरचा दाब घटल्यामुळे गेजवर ६६ दिसायला हवेत. पण पहाटे शून्य अंश असेल तर थंडीने ते खाली येऊन ५८ च्या आसपास दाखवतं. दोन्ही परिणाम एकमेकांना खातात. कोणी ढाबेवाल्याने सांगितलं म्हणून हवा सोडू नका, भरलेली कॅम्पर कमी हवेवर चालवली तर टायरची बाजू तापून फाटते.

डिझेल: मनाली-लेह रस्त्यावरच्या टांडीच्या पंपावरची पाटी सांगते, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. चढावर ७ चा अ‍ॅव्हरेज धरा, म्हणजे ५२ लिटर, हीटर वेगळा. टाकी काठोकाठ. झिंगझिंगबारच्या आसपासचे नाले सकाळीच पार करा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. पाण्यात पहिला गिअर, क्लच अर्धा दाबायचा नाही.

सोबत: दोन्ही बेल्ट, डिझेल फिल्टर दोन, वरचा-खालचा रेडिएटर होज, क्लिप, फ्यूज, टो-स्ट्रॅप, १२ व्होल्ट कॉम्प्रेसर, ट्यूबलेस पंक्चर किट, २ किलोचा एबीसी अग्निशामक.

विरळहवा

एक मोठी गोष्ट राहिली. वर्तुळ उलटं फिरवा. मनालीकडून चढलात तर २,०५० मीटरवरून एकदम सरचू, ४,२९०. मुलांसह पहिला उंच मुक्काम तिथे म्हणजे डोकेदुखी आणि उलट्यांना आमंत्रण. ३,००० च्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, हा साधा नियम तिथे मोडतोच. श्रीनगरकडून गेलात तर झोजी ला ३,५२८ मीटर, पण झोपायला कारगिल, २,६७६. मग लेह ३,५००. लेहला चार दिवस काढून परतीला सरचू गाठलंत तर शरीर तयार असतं. हीटरची टाकीही लेहमध्ये ताज्या डिझेलने भरता येते. झोजी लावर जाण्या-येण्याच्या वेळा ठरवलेल्या असतात, आदल्या दिवशी सोनमर्गला विचारा. प्रीपेड सिम बाहेरचं असेल तर जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बंद पडतं, एक तरी पोस्टपेड करून घ्या.

सुकटबोंबील

उलट्या वर्तुळाला +१. जुलै-ऑगस्टमध्ये मंडी-कुल्लूकडे दरडी जास्त असतात, परतीला ऑक्टोबर लागलेला असेल तर तोही ताप कमी.

खाडीपलीकडचा

ठरलं, श्रीनगरकडून वर आणि मनालीकडून खाली. टाकी आत घेतली, ८० लिटर. फक्त एक अडचण: पाणी गोठण्याची चाचणी मुंबईत घ्यायची कशी? इथे फ्रीजरशिवाय थंडी नाही.

टाकीवाली_ताई

थंडी लागतच नाही. रात्री आठ वाजता, दिवे बंद करून, हेडटॉर्च लावून पाणी काढायचा सराव करा. टाकीचा कॉक बंद, ड्रेन कॉक उघडा, सगळे नळ उघडे, पंप अर्धा मिनिट कोरडा फिरवून बंद, मग पायपंपाने नळीत हवा मारायची. नंतर पंपाचा माथा खोलून आत पाणी दिसतं का बघा. दिसलं तर नळीला कुठेतरी झोळ आहे, तिथे क्लिप मारून उतार द्या. घड्याळ लावा. पाच मिनिटांहून जास्त लागली किंवा कॉकपर्यंत पोचायला झोपलेल्या पोराची गादी उचलावी लागली, तर सरचूला हे काम कोणी करणार नाही. प्लाय लागायच्या आधीच कॉक सरकत्या दाराच्या पायरीपाशी आणा.